पेवातली सुंदरबाई

पेवाच्या तोंडाशी सकाळी सतरा माणसं जमली होती. पुरुष सहा, बाया नऊ, कडेवरची पोरं दोन. काम तिघांपुरतंच होतं, बाकीची चौदा झुंबरबाईची गोष्ट ऐकायला आली होती. रतिलालने मोजलं आणि त्याला हसू आलं. बी.एस्सी. होऊन शिरपूरजवळच्या आपल्या गावी परतून त्याला नऊच दिवस झाले होते.

झुंबरबाई त्याची फुई, बापाची थोरली बहीण. जमिनीत खणलेल्या या पेवातून ज्वारी काढायची, तर आधी फुईने गोष्ट सांगायची, अशी घरची रीत होती. तिची चुलत भावजय सुंदरबाई दुष्काळाच्या साली पेवात उतरली ती वर आलीच नाही. तिला काढायला गेलेला गडीही आतच राहिला.

"ती आजबी आत बठेल शे," फुई हळू आवाजात म्हणाली. बायांनी तोंडाला पदर लावले आणि त्या एकमेकींना खेटून बसल्या. दर साली ऐकलेली गोष्ट, पण उठून कोणी गेलं नाही.

आता दोरीला बांधून दिवा आत सोडायचा. तो जळत राहिला तर सुंदरबाई झोपलेली. विझला तर तिनेच फुंकला, तिला सोबत हवी आहे. मग त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

"दिवा राहू दे, फुई," म्हणत रतिलालने खिशातली बॅटरी काढली, दोरीला बांधली आणि खाली सोडली. तळापर्यंत लख्ख उजेड पडला. ज्वारी, मातीच्या भिंती, थोडा कडबा.

"मोजा आता. किती बाया आहेत आत?"

"सुंदरबाई लाजनी," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

फुई हसली नाही. "त्या उजेडले ती फुंकी कशी?"

यावर तर जास्तच हशा पिकला. फक्त सालदार धनसिंग तोंडाशी वाकून आत बघत होता. उतरायचं त्याला होतं.

"काय धनसिंगभाऊ, मेलेल्या बाईला भ्यालात?" रतिलालने विचारलं.

नऊ बायांत धनसिंगची बायको बेबाबाईही होती. "दिवा सोडा ना, रतिभाऊ," ती म्हणाली, "तुमना पाय पडस."

बायकोने सगळ्यांदेखत असं म्हटल्यावर धनसिंगला मागे फिरता येईना. कमरेला बांधायच्या दोरीवर बॅटरी लटकत होती. ती सोडवण्यातही वेळ न घालवता तो भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरला.

"ज्वारी गरम शे, भाऊ," आतून आवाज आला.

मग तो खाली बसला. दमलेला माणूस बसतो तसा. मान भिंतीला टेकली. बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि तो उजेड जराही हलत नव्हता.

"धनसिंगभाऊ." रतिलालने तीनदा हाक मारली. ओ आली नाही.

त्याने पाय आत सोडले तोच फुईने मागून सदऱ्याची कॉलर घट्ट धरली. "दुसरा असाच ग्या व्हता, रती."

रतिलाल काठावर तसाच बसून राहिला. दिव्याला लागते ती हवा माणसालाही लागते. बॅटरीला लागत नाही. हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते.

"दिवा द्या," तो म्हणाला.

एकजण बुडालेल्या बादल्या काढायचा गळ आणायला विहिरीकडे पळाला. दोघे घोंगडी आत सोडून वरखाली करत वारा घालू लागले. बेबाबाईला चौघींनी धरून ठेवलं होतं. रतिलालने बॅटरी वर ओढली, तिच्या जागी पेटता दिवा बांधला आणि घोंगडी बाजूला घ्यायला लावून दोरी हाताने मोजत खाली सोडली. एक. दोन. तीन.

साडेतीन हातांवर दिवा विझला.

पुन्हा वारा घातला, दिवा पेटवला, सोडला. चार हातांवर विझला.

धनसिंग आठ हातांवर होता.