गाळलेलं स्तोत्र

मंगळवारी दुपारी तीनला आमच्या पडेगावात बायकांची बायबलची शिकवण असते, आणि ती मी घेते. मी मंजुळाबाई, बत्तीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळलेली. मला गप्प बसलेला वर्ग लागतो आणि भिंतीवर यादी लागते. कोणत्या मंगळवारी कुणी कोणतं स्तोत्र वाचायचं, ते मी कितीतरी आधी आकड्यांच्या ओळीनं लिहून चिकटवते. जिची पाळी तिनं वाचायचं, सुचेल ते दोन शब्द बोलायचं, मग मी समजावून सांगायचं आणि सगळ्यांना धीर देऊन घरी धाडायचं. धीर द्यायला मी लई हुशार.

मार्चात यादीकडं नजर गेली आणि मी तो आकडा परत एकदा वाचला. येत्या मंगळवारचं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुकेशनीच्या नावावर पडलं होतं.

सुकेशनी माझी भावजय. तिचा एकुलता एक सत्यम वाळूजला कारखान्यात कामाला होता. ऑक्टोबरात शिफ्ट सुटल्यावर गाडीवरून येताना त्याला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून ती ना चर्चला आली, ना मंगळवारी; यादीतलं तिचं नाव मात्र मी काढलं नव्हतं. घरात भाऊ प्रार्थनेला बसला की ही उठून स्वयंपाकघरात जायची. मी कितीदा जाऊन बसले तिच्यापाशी. शेवटी त्या आठवड्यात म्हणाली, "अक्का, या मंगळवारी येते. पण तिथं मला काही गवसलं नाय, तर परत कधी बोलवायचं नाय." मी व्हय म्हणून बसले, आणि घरी येऊन बघते तर यादीत हे.

दुसरी रडकी स्तोत्रं निदान शेवटाला डोळे पुसतात. हे पुसत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आजवर मी ते तीनदा गाळलंय, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. याही वेळी आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि वर लिहिलं, एक्क्याण्णव. त्यात देव राखतो, देवदूत हातावर झेलतात, पायाला दगडसुद्धा लागू देत नाहीत. याहून धीराचं काय असणार, म्हणून माझी मीच खूष झाले.

मंगळवारी सुकेशनी आली. आमच्या रीतीप्रमाणं सगळ्यांना सलाम करून दाराशी बसली. पंधरा बायका होत्या. तिनं पुस्तक उघडलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबली.

"अक्का, हे मी वाचणार नाय."

"का गं?"

"हे तुम्ही सत्यमच्या गाडीवर वाचलं होतं."

खरंच वाचलं होतं. आमच्यात नवी गाडी आली की दारात उभी करून वचन वाचतात, प्रार्थना करतात, आणि वाचायला अख्ख्या गल्लीत मलाच बोलावतात. इतक्या गाड्यांवर वाचलं की ते स्तोत्र नुसतं तोंडपाठ राहिलं होतं, कुणाच्या गाडीवर वाचलं ते मनातून गेलं होतं. जूनमध्ये हँडलवर हात ठेवून मी ते खणखणीत आवाजात वाचलं. सत्यम हसला होता, "आत्या, आता हेल्मेटची गरज नाय." मी त्याला टपली मारली होती.

सुकेशनी भिंतीवरच्या यादीकडं बघत म्हणाली, "माझ्याच नावापुढं पट्टी कशाला लावली?"

थाप मारता आली असती. "खाली अठ्ठ्याऐंशी आहे," मी म्हणाले. "तुला झेपायचं नाय, म्हणून बदललं."

"काय झेपतं ते मला बघू द्या की."

तिनं पानं मागं उलटली आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. त्यातला माणूस देवाला सरळ म्हणतो, मला खड्ड्यात तूच टाकलंस, माझी माणसं तूच तोडलीस, मी रोज सकाळी हाका मारतो आणि तू तोंड लपवतोस. शेवटच्या ओळीत अंधार आला आणि स्तोत्र संपलं. पुढं काही आहे का म्हणून तिनं पान उलटून बघितलं. त्याचं काहीच नव्हतं.

आता समजावून सांगायची माझी पाळी. स्वर्गाची, तिथल्या भेटीची चार वाक्यं जिभेवर तयार होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गिळली.

सुकेशनीच बोलली. "यानं हे सगळं देवाच्या तोंडावर म्हटलं?"

"व्हय."

"आणि तरी पुस्तकात ठेवलं?"

"ठेवलं. लोक उपासनेत गायचे हे."

तिनं परत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या मनात जे येतं ते देवाला चालायचं नाय. चांगलं बोलता येईना, म्हणून मी बोलायचंच सोडलं. हा तर नुसता भांडतोय. पण सकाळ झाली की परत त्याच्याच दारात जातो, दुसऱ्या कुणाच्या नाय."

एवढी वर्षं शिकवतेय मी, पण ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती. दिसणार कशी, मी ते पानच उघडत नव्हते.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पाच महिन्यांनी प्रार्थना केली. "प्रभू, मला एकच पोरगं होतं. तुला माहीत होतं." एवढं बोलून ती थांबली. आमच्यात प्रार्थना संपली की सगळ्या एका सुरात आमेन म्हणतात. त्या दिवशी कुणाला कळेना, म्हणावं की नाही.

"आमेन म्हण ना," शेजारची प्रेरणा हळूच म्हणाली.

"माझं अजून संपलं नाय," सुकेशनी म्हणाली. "अक्का, पुढच्या मंगळवारीपण माझंच नाव लिहा."

मी नखानं पट्टी खरवडून काढली आणि पुढच्या ओळीत तिचं नाव लिहिलं. अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुडघ्यावर बसले. ते पाच महिनेही मी रोज प्रार्थना करत होते, चांगली सुरेख, गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन. त्या गाडीचा विषय तेवढा मनात येऊ द्यायचे नाही. त्या सकाळी म्हणाले, "प्रभू, तुझ्या नावानं मी त्या पोराला शब्द दिला होता." मग रडूच आलं, पुढं बोलता येईना. आमेन माझंही राहिलंय. पण रोज सकाळी जाते.