कुकरीची भूक

साधी गोष्ट अजिनाथला साधी सांगता यायची नाही. बाजारातून मेथीची जुडी आणली तरी तिच्यामागे तिखटमीठ लावलेली एक हकिकत असायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक हसायचे, तोही हसायचा.

सुप्याच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथला नेपाळी वॉचमन मानबहादूर कायमचा गावी निघाला, तेव्हा खाटेखालची कुकरी त्याने अजिनाथला विकली. पातं गंजून तांबडं झालेलं, मुठीला तडा, म्यानाचं चामडं उसवलेलं. अजिनाथने विचारलं, "ही उपसली की रक्त प्यायल्याशिवाय आत जात नाही म्हणतात, खरं का?" मानबहादूर पोट धरून हसला. "साब, मैंने तो इससे गोभी काटी है."

आता गोभी काय घरी सांगायची? ओट्यावर कुकरी उपसून तो बायकोला म्हणाला, "ही रक्त चाखल्याबिगर म्यानात जात न्हाई. तशीच घातली तर घरातलंच मानूस बघती."

"व्हय का? मग आधी कांदा चिरून द्या," सत्यशीला म्हणाली.

पण उंबऱ्यात नातीची, दिशाची, वेणी घालत बसलेल्या झुंबरबाईचा हात थांबला. अजिनाथची आई ही. दिशा नुसती शिंकली तरी मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकणारी. अजिनाथचं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढे तो त्या कुकरीच्या नादीच लागला. कामावरून आला की घासलेट लावून पातं घासत बसायचा. मूठ शिसवाची नवी केली, लाख ओतून पक्की बसवली. म्यानाला टाके घालून आणले. पात्यात तोंड दिसायला लागलं, तसा रोज खोबरेल लावून ती म्यानात घालायचा आणि खुंटीला टांगायचा. पण दुसऱ्या दिवशी उपसावी, तर टोकाजवळ तांबडा डाग! पुन्हा घासावं, पुन्हा डाग. "कोन वल्ल्या हातानं शिवतंय हिला?" तो बायकोवर ओरडला. सत्यशीलाने पोरीची शपथ घेतली. झुंबरबाईने हात पदराखाली घेतला.

त्याच सुमारास तिने भाकरी थापायचं सोडलं. अजिनाथला वाटलं, वय झालं. मग एकदा तिचं अंथरूण झटकताना सत्यशीलाला कसला तरी वास आला, म्हणून तिने सासूच्या बोटाची चिंधी सोडली. डाव्या हाताचं मधलं बोट काळं पडलं होतं. म्हातारीला साखरेचा आजार, जखम कुठली भरायला? नगरला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोट काढावंच लागेल, नाहीतर हात जाईल.

"आई, कशानं कापलं गं?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू रोज उपसायचास अन् कोरडीच आत घालायचास. तुला कुठं ध्यान असतं? घरात लेकरू हिंडतंय. मी आपली तू भाईर गेलास की थेंबभर दावायची तिला."

"अगं, मग लिंबू कापायचं!"

"पयल्या दिशी लिंबूच कापलं. पन त्याच राती दिशाला ताप आला."

अजिनाथला रडू फुटलं. थाप होती ती, निव्वळ थाप, हे तिला सांगायलाच हवं होतं. पण तिला ऑपरेशनसाठी आत न्यायला माणसं आली, आणि त्याने ते ती शुद्धीवर येईपर्यंत पुढे ढकललं.

शुद्धीवर आल्यावर झुंबरबाई बराच वेळ हाताच्या पट्टीकडे बघत राहिली. अजिनाथ खाटेशी वाकून बसला होता. गोभी अगदी त्याच्या जिभेवर होती.

"अख्खं गेलं न्हवं बोट?" तिने विचारलं.

"गेलं."

"मग आता कायमचं भागलं असंल तिचं. दिशाला आता भ्या न्हाई." तिचा चेहरा निवांत झाला होता. लेकराचा नवस फेडून आलेल्या बाईचा असतो, तसा.

अजिनाथने तोंड उघडलं.

"भागलं, आई," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने पुढे काही जोडलं नाही.