मासोळ्यांकडे रिकाम्या हातानं

माझ्या बायकोला, अंजनीला, दुसऱ्यांना खाऊ घालायचा आजार आहे. आजार म्हटलं की ती चिडते, पण चौतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं बोलायचा हक्क असावा. जबलपूरला रांझीतल्या आमच्या क्वार्टरच्या दारातून पोस्टमन कधी नुसतं पाणी पिऊन गेला नाही. माझे वडील, अण्णा, शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांना कधी काय हवं ते हिला न विचारता कळायचं. आणि दर रविवारी मोटरसायकलवर माझ्या मागे बसून, मांडीत डबा धरून, ही ग्वारीघाटावर नर्मदेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायला जायची.

मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. अठ्ठावीस वर्षं माल पास करणं आणि परत पाठवणं एवढंच केलं, त्यामुळे कशातही खोट काढायची मला खोड आहे. पण त्या गोळ्यांत खोट सापडायची नाही. सगळ्या एका मापाच्या. माहेरी आईनं तिला शिकवलं होतं की पाण्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये. दुसरं काही मिळालं नाही तर चिमूटभर कणीक तरी न्यावी.

पायरीवर बसून ती गोळी टाकायची. पाणी खळबळायचं, दोन-चार तोंडं वर यायची, गोळी गिळायची आणि बुडायची. "तोंडंच दिसतात," ती म्हणायची. "बाकीचा मासा कसा राहते, दिवसभर काय करते, कोणाला माहीत." तिला ते एकदा बघायचं होतं. दागिना नाही, काशी-रामेश्वर नाही, मासा खाली काय करतो तेवढं बघायचं होतं. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते आमच्या मुलीनं. वैभवी पुण्याला नोकरी करते. मी रिटायर झालो तेव्हा तिनं आम्हाला न विचारता मालवणची सहल ठरवून टाकली. तिथं समुद्रातलं अभयारण्य आहे, मास्क लावून, तोंडात नळी धरून वरच्यावर तरंगायचं, जॅकेट असतं म्हणून पोहता नाही आलं तरी चालतं, असं तिनं फोनवर समजावून सांगितलं. मी म्हटलं, दुखऱ्या गुडघ्यांची बाई समुद्रात काय करणार. अंजनीनं वैभवीला एक मास्क आणि नळी आधीच पाठवायला सांगितलं.

मग आमच्या अंगणात तालीम सुरू झाली. कपडे भिजवायच्या टबात पाणी भरायचं आणि तोंड बुडवून राहायचं. अडचण अशी की जन्मभर नर्मदेत बुडी मारलेली बाई. पाणी दिसलं की तिचा हात नाकाकडे जायचा, डोळे मिटायचे, तोंड घट्ट बंद व्हायचं. इथं सगळंच उलट, डोळे उघडे ठेवून नळीतून तोंडानं श्वास घ्यायचा. आठ दिवस ती काचेवरूनच नाक दाबत होती. मी पोटभर हसलो. तिनं मास्क माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुम्ही करून दाखवा. मी दोन घोट पाणी प्यायलो आणि नंतर हसलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती टबात तोंड घालून इतका वेळ राहिली की गॅसवरचं दूध उतू गेलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी ओटा पुसला आणि मनातल्या मनात तिला पास केलं.

रेल्वेनं कुडाळ आणि तिथून मालवण. पहिले दोन दिवस वारा होता, म्हणून बोट निघाली नाही. तिसऱ्या दिवशी समुद्र निवळला. लगेच पुढच्या सकाळी आमची परतीची गाडी होती, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. बोटीवर नंदाताई होत्या, चाळिशीच्या, कोळ्याच्या घरातल्या. नवरा बोट चालवत होता आणि पाण्यात माणसांना घेऊन उतरायचं काम ह्यांचं. मी जॅकेटचे बंद ओढून बघितले, शिवण बघितली. त्यांनी ते शांतपणे बघू दिलं.

खडकाजवळ बोट थांबली. नंदाताईंनी नियम सांगितले. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याच्यावर उभं राहायचं नाही, आणि माशांना काहीही खायला घालायचं नाही.

अंजनीचा हात पिशवीवर गेला. मला तेव्हाच शंका आली. तिनं डबा काढला, झाकण उघडलं. जबलपूरहून आणलेली कणीक, पहाटे लॉजच्या खोलीत मळून वळलेल्या गोळ्या. एका मापाच्या.

नंदाताईंनी मान हलवली. पूर्वी लोक पाव टाकायचे, त्या म्हणाल्या. मग मासे खडकावरचं शेवाळ खायचं सोडून बोटींच्या मागे फिरायला लागले आणि शेवाळ प्रवाळावर चढलं. आता त्यांच्या बोटीवरून कोणी काही टाकत नाही.

"मग मी नाही उतरत," अंजनी म्हणाली आणि मास्क काढून मांडीवर ठेवला.

माझं डोकं फिरलं. महिनाभर टबात तोंड घालून बसली, दीड हजार किलोमीटर आलो, आणि आता हे. मी आवाज चढवला. "काहून आली मग इथपर्यंत? गोळ्या घालाले आपली नर्मदा नव्हती का?"

"कोणाच्या घरी असं हात हलवत जाऊ का मी?" तिनं विचारलं. डोळ्यांत पाणी होतं. हट्ट नव्हता तो. तिला खरोखरच जमत नव्हतं.

नंदाताई माझ्याकडे न बघता तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "इथं कोणी उपाशी नाही."

अंजनी त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं, मी तर नाहीच. मग तिनं झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला आणि मास्क चढवला. शिडी उतरताना गुडघा कुरकुरला असणार, तिनं दाखवलं नाही. पाण्यात गेल्यावर एकदा हात नाकाकडे गेला. नंदाताईंनी तो हळूच खाली घेतला आणि धरून ठेवला.

मी कठड्यावरून वाकून बघत होतो. पाणी स्वच्छ होतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्यानं तिच्या खालून गेले, तिच्यासाठी थांबले नाहीत, तिला घाबरलेही नाहीत. एक मोठा हिरवा मासा खडक कुरतडत होता, आपल्या कामात. अंजनी त्याच्यावर तरंगत होती, हातपाय सैल सोडून. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, संथ. ती बुडत नाहीये हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, आणि जराशानं भूक लागली. जेवायला कुठं थांबायचं, पिशवीत चिवडा आहे का, माझी बीपीची गोळी तिनं कुठं ठेवली, हे सगळं तिला विचारायचं म्हणून मी वाट बघत बसलो.

अर्ध्या तासानं ती शिडीशी आली. मास्क कपाळावर सरकवला. चेहऱ्यावर काचेचा लाल वळ उमटला होता, आणि ती इतकी खूश दिसत होती की मला ती लग्नातली आठवली.

"अहो," ती म्हणाली, "मी इतका वेळ होती तिथं, अन् कोणी मला काहीच नाही मागितलं."

एवढंच. मला टोमणा मारत नव्हती ती, तिला तसं सुचतही नाही. तिला आनंद झाला होता आणि तो सांगायला ती माझ्याकडे आली होती. मला लाज वाटली. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

"झालं का काकू, घेऊ वर?" नंदाताईंनी विचारलं.

"नाही दीदी, राहू द्या तिला अजून," मी म्हणालो. "आम्हाला काही घाई नाही."

अंजनीनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. मग मास्क खाली ओढला, नळी तोंडात धरली आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.