मनगटातला दाणा

माझ्या धाकट्या बहिणीचं मनगट पहिल्यांदा मुरगळलं तेव्हा ती म्हणाली, "जिन्यावरून पडले." तिचं घर तळमजल्यावर. पडायला जिना हवा म्हणून तिला शेजारच्या इमारतीत जावं लागलं असतं. तरी मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

तिच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात गोडबोल्या म्हणते. बाहेर जिभेवर साखर, आणि घराचं दार लागलं की हात मोकळा. दुसऱ्या वेळी त्याने तिचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार लोटलं. एकदा नाही, चारदा. मनगटाच्या वरच्या हाडाचा चुरा झाला. ती शिवणकाम करते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी धातूची पट्टी बसवली आणि हाडातल्या पोकळीत दाणा भरला. तो दाणा मी भाजते. पिशवीवर हायड्रॉक्सीॲपेटाइट असं लांबलचक नाव छापलेलं असतं, आम्ही कारखान्यात नुसतं दाणा म्हणतो. आपल्या हाडात जे खनिज असतं तेच, बाहेर बनवलेलं. जाड्या रव्याएवढं, पांढरं, आत सगळी भोकंच भोकं. माझ्याकडे भट्टी असते. दिवसभर भाजायचं, आणि भट्टी निवेपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर मालाला तडे जातात. मग लांब लोखंडी आकडीने ट्रे बाहेर ओढायचे. ती आकडी मी एकदा मालाच्या काट्यावर ठेवून पाहिली होती. बरोबर दोन किलो भरली.

"दाणा तुमचा चांगला आहे," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "पण तो नुसता मांडव आहे. त्याच्यावर वेल चढायचा तो हिच्या हाडाचा. सहा महिने ह्या हाताला धक्का लागता कामा नये. पुन्हा मोडला तर पाण्याचा पेलाही उचलता येणार नाही."

मी धाकटीला सरळ माझ्या घरी आणलं.

तिसऱ्या आठवड्यात गोडबोल्या आला. हातात फळांची पिशवी.

"ताई, झालं गेलं विसरा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच."

"चौकटीत हात घालून बघा, मग भांड्यांचं बोलू," मी म्हटलं.

त्याने मला बाजूला ढकललं, आत गेला आणि धाकटीला प्लास्टरच्याच हाताला धरून ओढलं. ती जी किंचाळली ते मला अजून ऐकू येतं. मूठ नव्याने गुंडाळायला मी आकडी घरी आणली होती, ती कोपऱ्यात उभी होती. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. धाकटीला सोडून त्याने माझ्या पोटात लाथ घातली, मग तोंडावर ठोसा. माझा दात माझ्याच ओठातून आरपार गेला. तोंडात रक्त साचलं होतं, तशीच उठले आणि त्याच्या उजव्या मनगटावर दुसरा घाव घातला. घाईने उघडलेल्या भट्टीत माल तडकतो, तसा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला. त्याने हात जमिनीवर टेकला होता, बोटं नको तिकडे वळली होती. तिसरा घाव घालायची काही गरज नव्हती. तरी मी तो घातला, त्याच जागी.

दवाखान्यात तेच टेबल, त्याच डॉक्टरीणबाई. कसं लागलं, त्यांनी विचारलं. बायकोच्या बहिणीने झोडपलं हे त्याच्या तोंडून निघणार थोडंच.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या फाटलेल्या ओठाकडे.

"त्या जिन्याला कठडा लावून घ्या," त्या म्हणाल्या आणि शस्त्रक्रियेची तयारी करायला गेल्या.

त्याच्याही हाडात दाणाच भरला. फोडलेल्या पिशवीवर माझ्याच भट्टीचा क्रमांक होता. हा घाणा नासका निघाला असता तर, असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी नासका माल बाहेर सोडत नाही, आणि हाड काही माणूस बघून जुळत नाही. त्याचंही जुळणार होतं. मी फक्त सहा महिने मिळवले होते.

सहाव्या महिन्यात धाकटीचा एक्स-रे काढला. आधी दाणे पांढऱ्या ठिपक्यांसारखे सुटे दिसायचे, आता त्यांच्या कडा धूसर झाल्या होत्या. मधे हाड शिरलं होतं. "दोन किलोपर्यंत उचलायला हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर गोडबोल्या. हाताला ना प्लास्टर, ना झोळी. ह्या वेळी फळंही नव्हती. मी उठले.

"तू बस ताई," धाकटी म्हणाली.

तिने दारामागची आकडी उजव्या हातात घेतली आणि दार सताड उघडलं. आकडी खांद्याच्या उंचीवर धरली होती.

"डॉक्टरांनी मला दोन किलो उचलायला सांगितलंय," ती म्हणाली. "ही बरोबर दोन किलोची आहे."

त्याने आकडीकडे पाहिलं. त्याचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला. तो गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत धाकटी तशीच उभी होती. मग तिने मागे न बघता आकडी माझ्याकडे सरकवली.

"ताई, ही घे गं आता," ती म्हणाली. "हात भरून आला."