कागदोपत्री कोणीच गेलं नाही

अमेरिकेत शुगर लँडमध्ये माझी आश्लेषामावशी म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र चालवते. सकाळी नऊला व्हॅन तेवीस आजी-आजोबांना आणते आणि चारला घरी सोडते. मधल्या वेळात चहा, व्यायाम आणि एसी वाढवावा की कमी करावा यावर चर्चा. २००४च्या जूनअखेर काउंटीची तपासणी आली. तीत नापास झालो तर करार रद्द, केंद्र बंद, आणि तेवीसही जण आपापल्या मुलांच्या रिकाम्या घरात दिवसभर टीव्हीसमोर.

सुट्टीपुरता ऑफिसात मी होतो. हजेरीवहीचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे. काउंटीचा नियम असा, की प्रत्येकाने येताना आणि निघताना स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत नोंद करायची आणि भाषांतर शब्दशः करायचं. मी शब्दशः केलं. नियम म्हणजे नियम.

तपासनीस मिसेस हॅगर्टींनी स्वयंपाकघर पाहिलं, औषधांचं कपाट पाहिलं, बाथरूममधले दांडे हलवून पाहिले. सगळं ठीक. मग भाषांतर वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

"ऋषी, एप्रिलपासून इथे चौदाशे सव्वीस वेळा माणसं आत आली."

"हो."

"बाहेर एकही गेलेलं नाही. तुम्हाला परवानगी तीस माणसांची आहे."

मावशीने वही ओढली. निघण्याच्या रकान्यात बासष्ट दिवस सगळ्यांनी न चुकता लिहिलं होतं: येतो. येते. येतो. मी प्रत्येक ठिकाणी 'आय अ‍ॅम कमिंग' केलं होतं.

"गाढवा, तुला मराठी येतं ना?"

"येतं. म्हणूनच तर."

मिसेस हॅगर्टी म्हणाल्या, सोपं आहे, आजपासून 'जातो' लिहा. मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं. मालिनीआजींनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या. तेल कंपनीतून निवृत्त झालेले एक्याऐंशी वर्षांचे अरुणकाका उठून उभे राहिले.

"बाईंना सांग, जातो म्हणायचं नसतं. जातो म्हणून गेलेला माणूस परत दिसत नाही."

मी शब्दशः सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"तू गप्प बस आता," मावशी मला म्हणाली आणि स्वतः समजावू लागली. अपशकुन, पद्धत, आमच्याकडे असंच. बाई म्हणाल्या, "मी स्वतः पाहीन."

चारला त्या दारात उभ्या राहिल्या, हातात माणसं मोजायचं यंत्र. एकेक जण वहीत लिही, बाईंना "येते हं", "येतो बरं का" म्हणे आणि व्हॅनमध्ये चढे. टक्, टक्, तेवीस वेळा. हॉल रिकामा. बाईंनी सोफ्यामागेही वाकून पाहिलं.

"सगळे गेले," त्या म्हणाल्या.

"असं नका म्हणू," मावशी म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. अरुणकाका.

"टोपी राहिली."

मावशीने बाईंकडे पाहिलं. "येतो म्हणाले होते."

मिसेस हॅगर्टी हसल्या नाहीत, पण यंत्र पर्समध्ये टाकलं. अहवालात लिहिलं: 'येतो' म्हणजे निघालो, भाषांतर दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, करार एका वर्षासाठी कायम. मावशी खुर्चीत बसली आणि चहा विचारायचं विसरली, जे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं.

निघताना बाईंनाही पाहुण्यांच्या वहीत नोंद करायची होती. पेन निघण्याच्या रकान्यावर थांबलं. मग त्यांनी मला स्पेलिंग विचारलं आणि इंग्रजी अक्षरांत 'येतो' लिहिलं.

"अहो, येते!" टोपी घालता घालता अरुणकाका ओरडले. "येते लिहा! बाई आहात ना तुम्ही!"

बाईंनी खोडून नीट लिहिलं. तेव्हापासून कागदोपत्री त्या आतच आहेत.