मारोतरावांची न दिलेली शिवी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही, ऐकलं मात्र आहे.

टूंऽऽऽ.

ते मी. मंगरूळपीरजवळच्या एका गावातल्या छोट्या रेडिओ केंद्राचं लाल बटण. रंग उडून गुलाबी झालंय, तरी सगळे लालच म्हणतात. फोनवरून आलेला आवाज माझ्यापाशी काही सेकंद थांबतो, मग हवेत जातो. तेवढ्यात कुणाच्या तोंडून शिवी निघाली, तर निवेदिका नीलिमा मला दाबते आणि शिवीच्या जागी मी वाजतं.

जुन्या काळी रेडिओला माझी गरज नव्हती. बोलणारा आधी तपासलेल्या कागदावरून वाचायचा. कागदावर कोण शिवी लिहील? आता शेतकरी बांधावरून थेट फोन लावतो, आणि बांधावर नुकतंच रानडुक्कर येऊन गेलेलं असतं.

रुपाबाईंचा फोन असा असतो. "नीलिमा, त्या टूंऽ डुकरानं माही तूर खाल्ली व. आन त्या टूंऽ कुंपनवाल्यानं…" त्यांच्या बोलण्यात मीच जास्त. गावात तर खेळच सुरू झाला. मी वाजलं, की ओट्यावर बसलेले लोक माझ्याखाली कोणती शिवी दडली ते ओळखायचे.

केंद्रप्रमुख पंजाबरावांनी भिंतीवर नियम चिकटवले होते. शिव्या नकोत. अश्लील नको. कोणत्याही जातीधर्माचा अपमान नको. पहिल्या दोन ओळींसाठी मी रोज राबलं. तिसरीसाठी एकदाच.

त्या सकाळी मारोतरावांचा फोन आला. गावातले मोठे शेतकरी. केंद्राची खोलीही त्यांनीच दिलेली. बोलणं मऊ. विषय सोयाबीनचा होता.

"नीलिमा, तुहं बोलनं गोड हाय," ते म्हणाले. "पन तुमच्या वस्तीतल्या लोकाईनं टूंऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ"

नीलिमाच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मारोतराव तिच्या वस्तीला जुनी पायरी दाखवत होते, हसत हसत. त्यात एकही शिवी नव्हती. वाक्य संपेपर्यंत नीलिमानं मला सोडलं नाही. एवढं लांब मी आयुष्यात वाजलं नव्हतं.

ओट्यावर खळबळ उडाली. मारोतरावांनी एवढी मोठी शिवी दिली? रुपाबाईंनी तर फोन करून विचारलं, "मले येत नाही अशी कोनती आहे व ते?"

दुपारी मारोतराव तरातरा केंद्रात आले. जावयासमोर मान खाली गेली म्हणाले. पंजाबराव घाबरले. त्यांनी नीलिमाला बजावलं, की शिवी नसताना बटण दाबलं ही चूक कबूल कर आणि उद्या रेडिओवर माफी माग. नाहीतर कार्यक्रम दुसऱ्याकडे जाईल.

"मी जल्मात शिवी देली नाही," मारोतराव म्हणाले. "काहून दाबलं ते बटन?"

नीलिमानं सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं. बंद खोलीत मारोतरावांचा मऊ आवाज आला, आणि या वेळी मी मध्ये नव्हतं. पूर्ण वाक्य. पंजाबराव भिंतीकडे बघत राहिले, तिसऱ्या ओळीकडे.

"माफी मांगतो, काका," नीलिमा म्हणाली. "फक्त एक सांगा. उद्या लोकाईले काय सांगू? तुमी शिवी देली म्हनून, का हे बोलले म्हनून?"

मारोतरावांनी टोपी काढली, परत घातली.

"शिवीच देली म्हन," ते पुटपुटले आणि निघून गेले.

माफीचा विषय पंजाबरावांनी पुन्हा काढला नाही. कार्यक्रम नीलिमाचाच राहिला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी टेबलावर जरा ताठ बसतं.

आता केंद्रात नवा संगणक येणार आहे. शिव्या तो स्वतःच ओळखतो म्हणे. ओळखू दे, रुपाबाई त्याला भरपूर काम देतील. मला काढून कपाटात ठेवलं तरी मी रडणार नाही. पण मारोतरावांचं ते स्वच्छ, गोड वाक्य एकदा त्याला ऐकवून पाहा. त्यानं ते हवेत जाऊ दिलं, तर मित्रांनो, संगणक राहू द्या, पण नीलिमाची खुर्ची उचलू नका.