सोयीचा कप्पा

शहरातल्या बससेवेला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या डेपोत प्रदर्शन भरलं आणि मिस्त्रींना मानाचं आमंत्रण आलं. हयातभर त्यांनी बसगाड्यांचे सांगाडे बांधले होते.

मधोमध बंदराच्या मार्गावरची जुनी गाडी उभी होती. नवा रंग, चकचकीत पितळ. आत कुणीतरी अत्तर फवारलं होतं. तो गोडमिट्ट वास येताच मिस्त्री मागच्या दाराकडे सरकले. मागच्या दाराशी पाटी होती : ‘मासे विकणाऱ्या महिलांच्या सोयीसाठी खास कप्पा.’

“सोय म्हणे!” मिस्त्री पुटपुटले.

तो कप्पा त्यांच्याच हातचा. तेव्हा पुढे बसणाऱ्या प्रवाशांनी माशांच्या वासाला नाकं मुरडली, तक्रारी केल्या आणि वरून हुकूम सुटला : मधे भिंत घाला, खिडकी नको, वास पुढे येता कामा नये. मिस्त्रींनी मुकाट्यानं पत्रा ठोकला. आणि त्यांना लहानाचं मोठं करणारी आत्या मासेच विकायची! पहिल्याच दिवशी ती घामानं निथळत, ओकाऱ्या काढत उतरली.

“कुणा मेल्यानं बांधलं रे हे खुराडं?”

“काय माहीत,” मिस्त्री म्हणाले होते. पुढे आत्या वारली, पण तोवर खरं सांगायला त्यांची जीभ काही रेटली नाही.

“काका, दोन शब्द बोला ना,” प्रदर्शनाचे साहेब म्हणाले.

“आधी तुम्ही या कप्प्यात बसा. मी दार लावतो. पाचच मिनिटं.”

साहेबांनी आत डोकावलं आणि लगेच मान बाहेर काढली. “छे, जीव गुदमरेल! आणि जुनी मढी आज कशाला उकरायची?”

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी माईक ओढून घेतला. “सोयबिय काही नव्हती. हे खुराडं मी बांधलं. माझ्या सख्ख्या आत्याला मी यात कोंबलं.”

आणि टाळ्यांचा कडकडाट! “काय हा मोठेपणा!” साहेब गहिवरले. पाटी मात्र तशीच राहिली. मिस्त्रींना त्या टाळ्यांचीच किळस आली. चहाला न थांबता ते घरी आले.

सुनेनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती वाह वाह म्हणाली नाही, की समजूतही घातली नाही.

“मामंजी, तुम्ही त्याच बसनं कामाला जायचात ना? कुठे बसायचात?”

मिस्त्रींनी मान खाली घातली.

“पुढे,” ते म्हणाले. “खिडकीशी.”